रविवारचं रिबिल्ड

ऑफिसात कुणी "सिस्टिम स्लो आहे" असं म्हटलं की सर खुर्ची मागे सारून उठायचे, गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घ्यायचे आणि विचारायचे, "स्लो म्हणजे किती?"

"खूपच स्लो आहे सर."

"डॉक्टरकडे गेलास की ताप आहे एवढंच सांगतोस, की किती आहे ते सांगतोस?"

मग ते त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे. तोच स्क्रीन तीनदा उघडायला लावायचे, तिन्ही वेळा स्टॉपवॉच दाबायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. बरेचदा तक्रार करणाराच ओशाळायचा. म्हणायचा, "आता ठीक वाटतंय सर." त्यावर ते वही मिटत म्हणायचे, "वाटतंय नको. चार सेकंद आहे."

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होते. आमची कंपनी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्याच्या मागे. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पुष्कळशा लॅब आमच्यावर चालायच्या. माणूस रक्त द्यायला आला की काउंटरवर त्याची नोंद, बाटलीवरचं लेबल, नंतरचा रिपोर्ट, सगळं आमच्या एका डेटाबेसात जाऊन पडायचं. तो डेटाबेस सांभाळायचं काम सरांचं. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक होतं, पण सगळे नुसतं सर म्हणायचे. मॅनेजर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो समोर सर म्हणायचा आणि पाठीमागे घड्याळकाका.

उंच, किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि गळ्यात काळ्या दोरीत ते स्टॉपवॉच, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखं. ठाकुर्लीहून सायकलने यायचे. आल्या आल्या आज किती मिनिटं लागली ते लिहायचे आणि उशीर झाला असेल तर पुढे कारणही: "चोळेगावात रस्ता खणला आहे." सर्व्हर रूममध्ये शिरण्यापूर्वी सँडल बाहेर काढायचे. दाराशी लाकडी रॅक होतं, त्याच्या खालच्या फळीवर सँडल आणि वरच्या फळीवर मोबाइल. आम्हालाही तेच करायला लावायचे. "बाहेरची धूळ आणि बाहेरची माणसं, दोन्ही बाहेर," असं म्हणायचे.

एका दसऱ्याला गेटवरच्या वॉचमनने सर्व्हर रूमच्या दारावर लिंबू-मिरची बांधली. मला वाटलं आता हे भडकणार. ते काही बोलले नाहीत. आठवडाभराने सहज वही चाळली तर तिथे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "दाराला लिंबू-मिरची बांधली. आधी चार सेकंद. नंतर चार सेकंद. फरक नाही."

ती वही म्हणजे त्यांचं सगळं. नवीन एसी बसवल्यावर सगळे म्हणायला लागले की सर्व्हर पळायला लागला. त्यांनी दोन आठवडे रोज आकडे घेतले आणि नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली की एसीमुळे माणसं सुखी झाली, सर्व्हरला काही नाही. मी बीएस्सी करून नुकतीच लागले होते. मी लिहिलेलं पहिलं काम घेऊन मी त्यांच्याकडे गेलेले आणि फुशारकीने म्हटलेलं, "सर, हे जुन्यापेक्षा फास्ट आहे." त्यांनी वरही पाहिलं नाही. "मोजलंस का?" मी नव्हतं मोजलं. मोजलं तेव्हा माझंच जास्त वेळ खात होतं. मला तेव्हा रडू आलेलं. पण पुढे सहा वर्षांत मला जे काही आलं ते त्या दोन शब्दांमुळे आलं.

असा माणूस दर रविवारी एक काम करायचा आणि ते मात्र त्याने कधीच मोजलेलं नव्हतं.

ते काम काय होतं ते त्यांनीच मला पहिल्या महिन्यात समजावून सांगितलं. "वाचनालयात गेलीयस ना? पुस्तकं कपाटात असतात, पण शोधायची कशी? कार्डांचा खण असतो. लेखकाच्या नावाने कार्डं लावलेली. तो खण म्हणजे इंडेक्स. आता रोज नवी पुस्तकं येतात, रोज मधेमधे कार्डं खुपसायची. खण फुगतो, अर्धी कार्डं दुसऱ्या खणात जातात, काही खण अर्धे रिकामे राहतात. मग एक दिवस सगळी कार्डं बाहेर काढायची आणि पहिल्यापासून ओळीने नीट लावायची. त्याला म्हणतात रिबिल्ड."

हे रिबिल्ड ते दर रविवारी दुपारी करायचे. रविवारी बारानंतर लॅब बंद, म्हणून बारा ते चार. चार तास डेटाबेस कुणालाच वापरता यायचा नाही. सर दहालाच यायचे, सगळी तयारी करायचे आणि बाराच्या ठोक्याला सुरू करायचे. मी कधीमधी मदतीला गेलेय. रविवारी वसाहतीत चिटपाखरू नसायचं. कारखान्यांचा उग्र वास तेवढा हवेत असायचा आणि रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली. सर स्क्रीनसमोर ताठ बसून राहायचे. वाचत नसत, गाणी ऐकत नसत. एकेक ओळ पुढे सरकायची आणि ते बघत बसायचे. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते काम कुणी बसलं काय, न बसलं काय, आपलं आपण होणारं होतं. चार वाजता ते वहीत लिहायचे: "पूर्ण."

नुसतं पूर्ण. इतर प्रत्येक गोष्टीपुढे आधी किती, नंतर किती. रविवारपुढे तेवढा एक शब्द. वर्षानुवर्षं.

पाचव्या वर्षी मी विचारलं. चहाची वेळ होती, ते चांगल्या मूडमध्ये होते. "सर, रिबिल्डने किती फरक पडतो, ते आपण कधी मोजलंय का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला काय म्हणायचंय?"

"नाही, म्हणजे मी वाचत होते. बरेच जण म्हणतात की दर आठवड्याला गरज नसते. नव्या डिस्कवर तर कार्डं विस्कटलेली असली तरी फारसा फरक—"

"काही गोष्टी मोजायच्या नसतात!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. त्यांचा आवाज चढलेला आम्ही कधीच ऐकला नव्हता. स्वतः तेही दचकले असावेत. उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कामाचंच काहीतरी विचारलं आणि तो विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. मला त्यात एक प्रकारचा अन्याय वाटत होता. आयुष्यभर मला मोज म्हणणारा माणूस स्वतःवर वेळ आली की ओरडतो, हे मला सहन होत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन रविवार येता येणार नव्हतं. त्यांनी मला कागदावर सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या, वास्तविक त्या मला पाठ होत्या. पहिल्या रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"झालं?"

"झालं सर."

मी तेव्हा डोंबिवलीत घरी होते, पलंगावर लोळत. रिबिल्ड केलंच नव्हतं. तिन्ही रविवारी केलं नाही आणि तिन्ही रविवारी "झालं सर" म्हणाले. प्रत्येक सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मात्र सकाळी लवकर जाऊन आकडे घेतले, अगदी त्यांनी शिकवलेल्या पद्धतीने, प्रत्येक स्क्रीन तीनदा. आधीच्या सोमवारचे आकडे माझ्याकडे होतेच. कुठेही फरक नव्हता. एका सेकंदाचाही नाही.

मी तीन पानं लिहून काढली. ती आधी सरांना दाखवायला हवी होती. मी ती मॅनेजरला दाखवली. आज मी स्वतःला अनेक कारणं सांगू शकते. सर आजारी होते, लॅबवाले रविवारी दुपारीही सिस्टिम चालू ठेवा म्हणून मागे लागले होते, मॅनेजरने मलाच विचारलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि मला शाबासकी हवी होती, हेही खरं आहे.

सर डोळ्यांना काळा चष्मा लावून कामावर आले त्याच दिवशी मॅनेजरने मीटिंग घेतली. ती तीन पानं सगळ्यांसमोर ठेवली. सरांनी चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश तिन्ही पानं वाचली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, फोनवर खोटं का बोललीस म्हणून विचारतील.

"तीनच आठवडे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"कमी आहेत."

मॅनेजर हसला. "सर, तुम्ही इतक्या वर्षांत एकदासुद्धा मोजलं नाहीत, आणि तिला तीन आठवडे कमी आहेत म्हणता?"

सरांनी कागद नीट जुळवून परत टेबलावर ठेवले.

रविवार बंद झाले. दोन महिन्यांत त्यांची जागाही बंद झाली. मॅनेजरने सभ्य शब्दांत सांगितलं की तुमच्या कामाचा मोठा भाग आता उरलाच नाही, बाकीचं ही मुलगी बघेल. सरांनी कुठे तक्रार केली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत बसून सगळी माहिती सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "वह्या वरच्या कप्प्यात आहेत," एवढंच म्हणाले. खिडकीतून मला ते दिसले. सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत गेटबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमनने मला थांबवलं. हा मानपाड्यातलाच, कंपनी सुरू झाल्यापासून तिथे. लिंबू-मिरची बांधणारा तोच.

"मॅडम, साहेब आता रविवारचे कुठे जाणार?"

"घरी राहतील की. आराम करतील."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी थांबलेच.

"तुम्हाला माहीत नाय? साहेबांची मिसेस रविवारचीच गेली. तुम्ही लागायच्या वर्षभर आधी असंल. साहेब आत बसलेले, मोबाइल बाहेर रॅकवर. शेजारणीने शेवटी हितं गेटवर फोन केला. मीच उचलला. मी आत पळालो, तर साहेब बोलले, दोन मिनिटं, ही एक ओळ होऊ दे. मंग मी सांगितला काय झालाय ते." त्याने सायकल ठेवायच्या जागेकडे बोट केलं. "त्या दिवसाला सायकल हितंच टाकून गेले. आनि तेरावा झाला ना, की फुडच्या रविवारी परत हजर. बारा वाजता बरोब्बर. मी बोललो, साहेब, आज तरी ऱ्हावाचा ना घरी. तर बोलले, नाय, केलाच पायजे."

मी टेबलाशी जाऊन बसले. काकू वारल्या आहेत हे मला ठाऊक होतं, कशाने आणि कधी ते मी सहा वर्षांत विचारलंही नव्हतं. आता कळलं की ते मोजत का नव्हते. एखादा रविवार न जाऊन बघायचं आणि सोमवारी काहीच बिघडलं नाही तर? मग तो एक रविवार कशासाठी होता? हा प्रश्न ते टाळत होते, आणि मी त्याचं उत्तर तीन पानांत टाइप करून सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिलं होतं.

रविवार बंद होऊन अडीच महिने झाले असतील. एका मंगळवारी सकाळी साडेसातला फोन सुरू झाले. सिस्टिम अडली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, किती? चाळीस सेकंद, पन्नास सेकंद. आदल्या दिवशीपर्यंत जे दोन-चार सेकंदांत व्हायचं ते. मॅनेजरने मला कल्याणच्या लॅबमध्ये पाठवलं, म्हणाला, त्यांची बोलणी खाऊन घे आणि काय होतंय ते बघ.

लॅबच्या दारापर्यंत रांग होती. सगळे उपाशीपोटी आलेले. शुगर तपासायची, पाणी सोडून काही घेतलेलं नाही, आणि काउंटरवरची मुलगी एकेका माणसाच्या नावावर मिनिट-मिनिट स्क्रीनवर फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेली. लोक तिच्या अंगावर ओरडत होते. "अरे कागदावर लिहून घ्या ना!" "सातपासून उभे आहोत इथे!" मी काउंटरच्या आत जाऊन तिच्या शेजारी बसले. रांगेत पुढून तिसरे एक आजोबा होते, बंद गळ्याचा स्वेटर घातलेले, हातात फाइल. ते दोनदा म्हणाले, "मला जरा बसू द्या." कुणीतरी म्हणालं, "नंबर जाईल आजोबा." मग ते कोसळले. पडताना कपाळ काउंटरच्या कडेवर आपटलं. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मी वाकून बघितलं, फाइलमधले जुने रिपोर्ट जमिनीवर पसरलेले आणि त्यांच्यावर रक्त. प्रत्येक कागदावर वर आमच्या सॉफ्टवेअरने छापलेला नंबर.

त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी तिथूनच मॅनेजरला फोन करून सांगितलं की आत्ता रिबिल्ड करते, चार तास सगळं बंद राहील. तो ओरडला, पण दुसरा इलाज त्याच्याकडेही नव्हता. मी मानपाड्याला परत आले आणि भर मंगळवारी दुपारी रिबिल्ड लावलं. चार तासांनी स्क्रीन उघडला. दोन सेकंद.

"म्हणजे म्हातारा बरोबर होता!" मॅनेजर म्हणाला. तसा तो हलकाच झाला होता. चूक माझ्या तीन पानांची होती, त्याची नव्हती.

मला मात्र चैन पडेना. विस्कटलेल्या कार्डांनी इतका फरक पडणारच नव्हता, हे मी स्वतः मोजलं होतं. मग बिघडलं काय? पुढचे दोन आठवडे मी त्या एकाच गोष्टीमागे होते, आणि सापडलं ते असं. वाचनालयाच्या प्रत्येक खणावर बाहेरून एक चिठ्ठी असते समजा, आत कुठल्या नावाची अंदाजे किती कार्डं आहेत ते सांगणारी. डेटाबेस काही शोधायला निघाला की आधी ती चिठ्ठी वाचतो आणि मग कसं शोधायचं ते ठरवतो. दहाच कार्डं असतील तर एकेक उचलून बघतो, हजारो असतील तर वेगळी युक्ती करतो. माझे ते न केलेले तीन रविवार धरून आमची चिठ्ठी तीन महिन्यांहून जुनी होती. अलीकडच्या तारखांची कार्डं जवळपास नाहीतच असं ती सांगत होती, आणि आत तर ढीग साचलेला. डेटाबेस बिचारा एकेक उचलत बसला होता. रिबिल्ड करताना ती चिठ्ठी आपोआप नवी होते. दर रविवारी फायदा होत होता तो तिचा. कार्डं लावण्याचे ते चार तास जवळजवळ फुकट होते. नुसती चिठ्ठी बदलली तरी भागत होतं.

एका शनिवारी सकाळी मी ठाकुर्लीला गेले. स्टेशनच्या पूर्वेला एक जुनी तीन मजली इमारत, दुसरा मजला. मुलगी लग्न होऊन ठाण्याला, त्यामुळे ते एकटेच. वाटेत रिक्षात मी ठरवून टाकलं होतं, अर्धंच सांगायचं. तुम्ही बरोबर होता, रिबिल्ड बंद केल्यामुळे हे झालं, एवढंच. चिठ्ठीचा शब्द काढायचा नाही.

दार त्यांनीच उघडलं. गळ्यात काही नव्हतं, त्यामुळे ते मला एकदम कुणीतरी दुसरेच वाटले.

"ये. मॅनेजरने पाठवलं?"

"नाही सर. मी आलेय."

त्यांनी चहा केला. मी आधी अडीच महिन्यांनी सिस्टिम कशी अडली ते आणि त्या आजोबांचं सांगितलं.

"टाके किती?"

"सहा."

"आता?"

"घरी सोडलंय. मी जाऊन आले. बोलतात, पण मधेच विसरतात."

त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला. मग मी म्हटलं, "सर, तुमचं बरोबर होतं. तीन आठवडे खरंच कमी होते. रिबिल्ड केलं आणि चाळीसचं दोनवर आलं."

"म्हणजे गरज होती."

"होती सर."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं, इतक्या वर्षांत मी न पाहिलेलं. मला वाटलं, आता उठावं. हे असंच राहू द्यावं आणि जावं.

"बिघडायला अडीच महिने लागले म्हणालीस," ते डोळे मिटूनच म्हणाले. "हळूहळू बिघडलं की एकदम?"

मी चटकन उत्तर दिलं नाही, आणि तीच चूक झाली. त्यांनी डोळे उघडले.

"एकदम," मी म्हटलं. "सोमवारी ठीक होतं."

"एकदम कसं?" ते पुढे सरकून बसले. आवाज ऑफिसातला झाला. "कार्डं विस्कटतात ती रोज थोडी थोडी. मग स्लो पण रोज थोडं थोडं व्हायला हवं. एका दिवसात दोनचं चाळीस झालं, म्हणजे त्याने शोधायची पद्धतच बदलली. म्हणजे त्याचा अंदाज चुकला." ते थांबले. "अंदाज जुना झाला होता. रिबिल्डमध्ये तो नवा होतो. हो ना?"

"हो सर."

"नुसता तेवढाच नवा करून बघितलास?"

"बघितला."

"किती वेळ लागला?"

"नऊ मिनिटं."

"लॅब बंद ठेवून?"

"नाही. चालू असताना होतं."

"म्हणजे कुठल्याही दिवशी. माणूस नसला तरी."

"हो सर."

खाली कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. तिची घरघर भिंतीतून वर येत होती. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सर, वॉचमनने मला सांगितलं. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी—"

"काय सांगितलं त्याने? फोन बाहेर ठेवला होता, हेच ना?"

"हो."

"त्याला तेवढंच माहीत." त्यांनी रिकामा कप बशीत सरळ केला. "तुला वाटत असेल, ती गेली म्हणून मला मोजायची भीती वाटत होती. वाटत होतीच. पण ती जायच्या आधीची नऊ वर्षं? तेव्हा मी का नाही मोजलं?"

मी कप खाली ठेवला.

"तिला दमा होता. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. आठवडाभर मी ऑफिसात असायचो, पण रविवारी या दोन खोल्यांत तो आवाज आणि मी. मला ऐकवायचा नाही. एकदा सिस्टिम अडली म्हणून रविवारी जाऊन रिबिल्ड केलं. सोमवारी चालली. तिथे इतकं शांत होतं. घरी येऊन तिला सांगितलं, हे आता दर रविवारी करावं लागणार. मोजलं असतं ना, तर घरी थांबावं लागलं असतं."

"सर—"

"ऐक. ती शेजारणींना सांगायची, यांच्यावाचून तिथे पान हलत नाही. रविवारी सकाळी धापा टाकत उठायची, पोळ्या करून डबा द्यायची. एकदा म्हणाली नाही, आज राहा. रविवारी कधी फोनसुद्धा करायची नाही. कामात असतील म्हणायची." खालची मोटर बंद झाली होती. "त्या एका दिवशी केला. सात वेळा."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "जा तू आता." मी उठले, चपला घातल्या आणि जिना उतरू लागले. वळणावरून वर बघितलं, तर दार तसंच उघडं होतं आणि ते मी सोडून आले त्याच खुर्चीत बसलेले अर्धे दिसत होते.